बाईंचं मॅन्युअल

आमच्या डिबगरविषयी जगभरातून ज्या मेल येतात, त्या अजूनही बाईंच्याच नावाने येतात. बाई मिरजेला परत गेल्याला दोन वर्षं झाली. मॅन्युअल मी सांभाळतो, उत्तरं मी लिहितो, खाली माझं नाव असतं. तरी गेल्या आठवड्यात फिनलंडच्या एका गृहस्थाने चार ओळींत आपली अडचण सांगितली, पाचव्या ओळीत माझे आभार मानले आणि सहाव्या ओळीत विचारलं, ‘पूर्वी ज्या बाई लिहायच्या, त्या बऱ्या आहेत ना?’ मी लिहिलं, बऱ्या आहेत. मग उठून कॉफी घेतली आणि खिडकीशी जरा उभा राहिलो. मला बाईंचा हेवा वाटायचा. ‘वाटायचा’ हे आपलं सभ्यपणाने.

डिबगर म्हणजे काय, ते सांगतो. प्रोग्राम लिहिणारा माणूस चुका करतोच. कुठे चुकलं ते कळावं म्हणून चालता प्रोग्राम हवा तिथे थांबवायचा, त्याच्या पोटात त्या क्षणी काय चाललंय ते बघायचं आणि मग त्याला एकेक पाऊल पुढे न्यायचं. हे करून देणारं साधन म्हणजे डिबगर. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावातली आमची अकरा माणसांची कंपनी हे एकच साधन बनवते. त्यातला सगळ्यात कठीण भाग मी लिहिला आहे. हे मीच म्हणतो असं नाही, आमचा मालकही म्हणतो, वर्षातून एकदा. ते साधन कसं वापरायचं हे सांगणारं मॅन्युअल बाई लिहायच्या. थोडक्यात, गाडी मी बनवली आणि लोक प्रेमात पडले ते गाडीबरोबर फुकट मिळणाऱ्या पुस्तकाच्या.

बाई मिरजेच्या. तिथल्या पॉलिटेक्निकात बावीस वर्षं त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची प्रॅक्टिकल्स घेतली होती. यजमानांना इकडे नोकरी लागली तशा त्याही आल्या आणि शेजारच्या रायस्वाइक गावात राहायला लागल्या. आमच्या मालकाने मॅन्युअल लिहायला माणूस हवा म्हणून जाहिरात दिली, तेव्हा आलेल्या बाकीच्यांनी आपापले लेख दाखवले. बाईंनी आमचंच जुनं मॅन्युअल छापून आणलं होतं आणि त्यात लाल पेन्सिलीने जागोजागी एकच वाक्य लिहिलं होतं, ‘करून बघितलं, होत नाही.’ मालकाने तिथल्या तिथे त्यांना नोकरी दिली. ते जुनं मॅन्युअल मी लिहिलेलं होतं, हे त्याने त्यांना सांगायची काही गरज नव्हती. त्याने सांगितलं.

पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हणालो. चष्म्याच्या दोरीशी चाळा करत त्या म्हणाल्या, “ऑफिसात काकू नको. ताई पण नको. बाई म्हण, त्याची मला सवय आहे.” मला त्या पहिल्या क्षणापासून तू म्हणाल्या, त्याचंही मला काही वाटलं नसतं. पण आमच्या ऑफिसात मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, कारण डच माणसाला मोठेपणाची भारी ॲलर्जी. त्या सगळ्यांनी दोन महिन्यांत आपण होऊन बाईंना ‘मेव्राउ’, म्हणजे बाईसाहेब, म्हणायला सुरुवात केली. मी तिथे नऊ वर्षं काढली होती. माझ्या नावाचे दोन तुकडे करून त्यातला सोपा तुकडा ते वापरत.

बाई रायस्वाइकहून सायकलने यायच्या. अंगात गुडघ्यापर्यंत पिवळा रेनकोट, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, मागच्या बास्केटमध्ये डबा आणि एक जुना, विटेसारखा जड लॅपटॉप. कंपनीने दिलेला नवा लॅपटॉप त्यांच्या खणात पडून असे. त्या जुन्या यंत्रावर आमचा डिबगर उघडायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात त्यांचा चहा होऊन जायचा. मी एकदा म्हटलं, “बाई, नवा घ्या की. ह्यावर तुमचा अर्धा दिवस जातो.” त्या म्हणाल्या, “वापरणाऱ्याचाही जातो.” मग मला तो लॅपटॉप हळू का चालतो यापेक्षा माझा डिबगर हळू का चालतो, यावर विचार करावा लागला. दोन आठवडे त्यात गेले. वेग दुप्पट झाला, आणि नवीन आवृत्तीच्या कौतुकाच्या मेलमध्ये लोकांनी लिहिलं की पहिल्या पानावरच्या सूचना आता किती छान झाल्यात.

काम करण्याची त्यांची पद्धत विचित्र होती. पान लिहून झालं की त्या कोणालातरी पकडायच्या, त्याला पान द्यायच्या, त्याच्या मागे स्टूल घेऊन बसायच्या आणि आपले दोन्ही हात मांड्यांखाली घालायच्या. “हात मोकळे असले की मदत करतात,” असं त्यांचं म्हणणं. समोरचा चुको, घामाघूम होवो, भलतंच बटण दाबो, बाई एक अक्षर बोलायच्या नाहीत. तो उठून गेला की मग वही काढून, तो जिथे जिथे अडला त्या ओळीसमोर फुली मारायच्या. फुल्या जास्त झाल्या तर पान फाडून पुन्हा पहिल्यापासून. “वाचणारा मूर्ख नसतो रे. घाईत असतो,” असं त्या मला दर आठवड्याला ऐकवायच्या.

आमच्याकडे महिन्यातून एकदा काचा पुसायला एक उंच, लाल गालांचा माणूस यायचा. बाईंनी एका सकाळी त्याला शिडीवरून खाली बोलावलं, समोर कॉफी ठेवली आणि आमचा डिबगर पहिल्या पायरीपासून लावायला सांगितला. बाईंचं डच मिरजेच्या हेलातलं, क्रियापदं पडतील तिथे, पण गाडी कुठे अडायची नाही. माझं डच व्याकरणशुद्ध आहे, खेमेंतेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, परीक्षेत मला चांगले मार्क होते. तरी दुकानदार माझ्याशी दुसऱ्या वाक्याला इंग्रजीत बोलायला लागतात. बाईंशी कोणी कधी इंग्रजीत बोललं नाही. तर तो काचा पुसणारा आठव्या पायरीपर्यंत झकास गेला आणि नवव्या पायरीला अडला. बाईंनी नववी पायरी तीन पायऱ्यांत फोडली. त्या पायरीवर वर्षभर जगातले अर्धे इंजिनिअर अडत होते आणि मी त्यांना उलट टपाली लिहीत होतो, नीट वाचा. पुढे हा माणूस दर महिन्याला शिडी लावायच्या आधी वर येऊन विचारायचा, मेव्राउ आहेत का, आज काही वाचायचं आहे का.

काही शब्दांशी बाईंचं वैर होतं. ‘फक्त हे बटण दाबा’ मधलं ‘फक्त’, ‘सहज करता येतं’ मधलं ‘सहज’ आणि सगळ्यात जास्त ‘सोपं’. हे सगळं अर्थात इंग्रजीत, पण लाल पेन्सिल मराठी होती. “सोपं आहे की नाही, हे ज्याला जमतं त्याने ठरवायचं नाही,” त्या म्हणायच्या. मी घरी येऊन हे बायकोला चेष्टेने सांगितलं. तिला ते इतकं पटलं, की त्यानंतर मी वॉशिंग मशीनबद्दल किंवा मुलीच्या गणिताबद्दल ‘त्यात काय, सोपं आहे’ म्हटलं की ती म्हणायची, “बाईंना विचार एकदा.” माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघरात, बाईंना विचार.

मुलीचं तर सांगूच नये. ती इथेच जन्मली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये येतं. आम्ही ओरडून पाहिलं, लाच देऊन पाहिलं. एका रविवारी बाई आणि त्यांचे यजमान जेवायला आले होते. मुलगी तेव्हा सात वर्षांची. बाईंनी विचारलं, “काल पोहायची परीक्षा होती ना? काय करायला लावलं?” मुलगी डचमध्ये सुरू झाली. बाईंना ते कळत होतं, तरी त्यांनी हात मांड्यांखाली घातले आणि तिच्याकडे शांतपणे बघत बसल्या. मुलगी थांबली. मी म्हटलं, “सांग ना, आम्ही पाण्यात...” बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी वरणाचं भांडं उचलून आत गेलो. आतून ऐकलं. मग मुलगी म्हणाली, “आम्ही कपडे घालून पोहलो. बूट पण. कारण कालव्यात पडताना कोणी कपडे काढत नाही.” अख्खी तीन वाक्यं, तिची ती. बाई खूश होऊन म्हणाल्या, “बघ, हिच्या शिक्षकांना कळतं टेस्टिंग म्हणजे काय.” मी वरणाचं भांडं घेऊन आतच उभा होतो. सात वर्षं मी त्या वाक्यांची वाट बघत होतो आणि ती निघाली दुसऱ्याच्या समोर.

आता मूळ गोष्ट. त्याच सुमारास माझं दोन वर्षांचं काम पुरं होत आलं होतं. सगळे डिबगर प्रोग्रामला पुढे नेतात. माझ्या नव्या सोयीने प्रोग्राम मागेही नेता येणार होता. चूक झाली की तिथून उलटं, एकेक पाऊल मागे जात ती कुठे सुरू झाली ते बघायचं. त्यासाठी डिबगर चालू असताना सगळ्याची नोंद ठेवतो आणि ती नोंद मागे फिरवतो. या कामापायी मी दोन उन्हाळे घरी पुण्याला गेलो नव्हतो. मला वाटत होतं की आता तरी लोक मॅन्युअल सोडून साधनाबद्दल बोलतील.

बाईंनी त्याचं पान लिहिलं. त्या पानाच्या डोक्यावर, शीर्षकाच्या लगेच खाली, लाल चौकट होती. ‘मागे जात असताना थांबायचं बटण लागोपाठ दोनदा दाबलं तर जुनी नोंद पुसली जाते. आधी नोंदीची प्रत काढून ठेवा.’ मी पान घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो.

“लागोपाठ दोनदा कोण दाबतं, बाई?”

“मी दाबलं.”

“तुम्ही मुद्दाम दाबलं.”

“मला खोकला आला. हात बटणावर होता.”

“बरं, मग खोकला आल्यास दाबू नका, असं लिहा.”

बाई हसल्या नाहीत. “तू पोहायचा ड्रेस घालून टेस्ट करतोस. लोक कपड्यांसकट पडतात. नोंद पुसली जाऊ नये असं तुला करता येईल का?”

“येईल. पण आत्ता नाही. पुढच्या आवृत्तीत. पंधरा तारखेला हे गिऱ्हाइकांना दाखवायचंय.”

“मग पुढच्या आवृत्तीपर्यंत चौकट वर राहील,” बाई म्हणाल्या आणि डबा उघडून मला थालीपिठाचा तुकडा दिला. मी तो खाल्ला, हेही सांगायला हवं.

लग्नाच्या पत्रिकेत पहिल्याच ओळीत नवऱ्यामुलाचा दमा छापावा, तसं मला वाटत होतं. दोन वर्षं मी जे केलं त्याची जगाला ओळख काय, तर सावधान. दोन दिवसांनी बाई तीन आठवड्यांच्या रजेवर मिरजेला गेल्या, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. त्यांचं विमान ज्या दिवशी उडालं, त्याच दुपारी मी मॅन्युअल उघडलं. ते कोणालाही बदलता यायचं, कुलूप वगैरे काही नव्हतं. बाई रोज सकाळी आदल्या दिवसाचे सगळे बदल वाचायच्या, हेच कुलूप. मी ती चौकट काढली, लाल रंग काढला आणि तेच वाक्य पानाच्या तळाशी ‘इतर टिपा’ मध्ये सातव्या क्रमांकावर टाकलं. बदलाचं कारण लिहायच्या जागी लिहिलं, किरकोळ मांडणी. वाक्य तेच आहे, एक अक्षर गाळलेलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. पंधरा तारखेला गिऱ्हाइकं आली, पान बघितलं, साधन बघितलं, खूश होऊन गेली.

बाई परत आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी विद्यापीठातून फोन आला. नागपूरची एक मुलगी तिथे पीएचडी करत होती. पाणी अडवणाऱ्या बांधाच्या मातीत पुरून पाण्याचा दाब मोजणारं एक यंत्र तिने बनवलं होतं. ते यंत्र तीन-चार आठवड्यांतून एकदा भलताच आकडा दाखवायचं आणि का ते कळत नव्हतं. म्हणून तिने आमचा डिबगर लावून एकोणीस दिवस नोंद चालू ठेवली. एकोणिसाव्या दिवशी यंत्र चुकलं आणि ती चूक नोंदीत सापडली. ती मागे जायला लागली, थांबायचं बटण दाबलं, काही झालं नाही असं वाटलं, म्हणून पुन्हा दाबलं. दोन महिन्यांनी प्रत्यक्ष बांधावरची चाचणी ठरलेली होती. फोनवर ती रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं.

बाई म्हणाल्या, चल, आणि मी त्यांच्यामागे सायकल काढली. लॅबमध्ये बाईंनी तिला सांगितलं, “जे केलंस ते परत कर. पान उघड आणि वाचत वाचत कर.” स्टूल ओढलं आणि हात मांड्यांखाली घातले. मी दाराशी उभा होतो. मुलगी पहिली पायरी मोठ्याने वाचायची आणि करायची, दुसरी वाचायची आणि करायची. वरची चौकट जागेवर नाही, हे पान उघडलं तेव्हाच बाईंच्या लक्षात आलं असणार, पण त्या हलल्या नाहीत. मुलीने बटण दाबलं, वाट बघितली, परत दाबलं. नोंद गेली.

“बघा ना,” ती म्हणाली, “पानात कुठेच नव्हतं. मी एकेक ओळ वाचली होती.”

बाईंनी हात मोकळे केले, पान खाली खाली सरकवत तळाशी नेलं, सातवी टीप वाचली. मग पान परत वर आणलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुलीला म्हणाल्या, “पान माझं आहे. चूक माझी. तुझे एकोणीस दिवस मी घालवले.”

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. मी घाबरलो होतो, हे खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. मुलगी बाईंकडे ज्या नजरेने बघत होती, तशी नजर बाईंच्या वाट्याला आलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. आणि मला ते, लाज वाटते सांगायला, गोड लागलं. बाहेर सायकलचं कुलूप काढताना बाई एवढंच म्हणाल्या, “ती चौकट उद्या सकाळी आल्याबरोबर वर ने. तळाचं कोणी वाचत नाही. तिथवर पोचेपर्यंत काम करून झालेलं असतं.” मी हो म्हटलं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मालकाने विचारलं, ही चूक कोणाची. डच माणूस असं सरळ विचारतो आणि त्याला सरळ उत्तर लागतं. बदलांच्या यादीत माझं नाव आणि ‘किरकोळ मांडणी’ हे शब्द होते, कोणीही उघडून बघावं. बाई म्हणाल्या, “मी तीन आठवडे नव्हते आणि पान वाऱ्यावर सोडून गेले. मागे कोणाला बघायला सांगून जायला हवं होतं.” मालकाने मान हलवली. बाई त्या वर्षी मदतीला एक माणूस मागत होत्या. तो विषय मालकाने तिथेच बंद केला, आधी आहे ते नीट सांभाळू या म्हणाला. मी माझ्या कपातल्या चहाकडे बघत होतो.

आमच्या मॅन्युअलमध्ये एक पान असं आहे, जे दुसऱ्या कुठल्या मॅन्युअलमध्ये मी पाहिलेलं नाही. त्याचं नाव ‘आमच्या चुका’. मॅन्युअलमध्ये काय चुकीचं लिहिलं होतं, त्याने कोणाचं काय नुकसान झालं, कोणी चूक केली, हे सगळं बाई तिथे उघड लिहायच्या. लोक ते पान आवडीने वाचतात. त्यात त्यांनी या प्रसंगाची नोंद केली आणि चूक करणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव घातलं. ती नोंद आता मी दुरुस्त केली आहे, पण त्याआधी दीड वर्ष ती तशीच होती. दर काही दिवसांनी मी ते पान उघडून बघायचो.

माझं मन मला खात होतं, म्हणून मी त्या मुलीच्या लॅबमध्ये जायला लागलो. दोनदा दाबलं तरी नोंद पुसली जाणार नाही अशी खास आवृत्ती तिला करून दिली, म्हणजे जे पंधरा तारखेच्या आधी करता आलं असतं ते. शनिवारी तिच्या शेजारी बसून तिचा प्रोग्राम वाचला. चाचणी सव्वा महिना पुढे गेली, पण पाचव्या आठवड्यात चूक पुन्हा पकडीत आली आणि आम्ही दोघांनी एकेक पाऊल मागे जात ती शोधून काढली. माझ्या साधनाने. ती म्हणाली, “दादा, तुमच्यामुळे वाचले. त्या बाईंच्या भरवशावर राहिले असते तर संपलंच होतं.” मी म्हटलं, तसं नाही गं, बाई चांगल्या आहेत. असं म्हणताना आवाजात किती मोठेपणा आणता येतो, ते मला त्या दिवशी कळलं. अख्ख्या नेदरलँड्समध्ये बाईंपेक्षा मला चांगला समजणारी ती एकच व्यक्ती होती आणि मला ती गमवायची नव्हती. बाई विद्यापीठात कधी भेटल्या तर ती जेवढ्यास तेवढं बोलायची. बाई मात्र मला दर वेळी विचारायच्या, “पोरीचं कसं चाललंय?”

यजमान निवृत्त झाले आणि बाईंचं मिरजेला परतायचं ठरलं. निघायच्या महिनाभर आधी त्या मुलीचा पीएचडीचा समारंभ होता. इथे तो फार थाटाचा असतो. झगे घातलेले प्राध्यापक ओळीने येतात, तासभर प्रश्न विचारतात आणि तास भरला की काठी घेतलेला एक अधिकारी आत येऊन वेळ संपली म्हणून जाहीर करतो, मग कोणी अर्ध्या वाक्यात असलं तरी थांबायचं. मुलगी निळ्या पैठणीत ताठ उभी राहून उत्तरं देत होती. नागपूरहून आईवडील आले होते. बाईंना बोलावणं गेलं होतं ते ऑफिसच्या सगळ्यांबरोबर. त्या आल्या आणि शेवटच्या रांगेत बसल्या.

नंतर बाहेरच्या दालनात चीजचे तुकडे आणि संत्र्याचा रस होता, आणि एका टेबलावर तिच्या प्रबंधाच्या छापील प्रती. बाईंनी एक उचलली आणि उभ्या उभ्या चाळली. शेवटी आभाराचं पान होतं. त्यात मार्गदर्शकांनंतर लगेच माझं नाव होतं, आणि लिहिलं होतं की या माणसाने आपले शनिवार दिले नसते तर हे पुस्तक झालं नसतं. बाईंचं नाव कुठे नव्हतं. त्यांनी ते पान सावकाश वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, “छान झालंय. नाव बरोबर छापलंय तुझं.” त्यात टोमणा नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्यावर तो खूप शोधला. डच लोकांकडून इतकी वर्षं अर्धं नाव ऐकणाऱ्याचं पूर्ण नाव छापून आलं, याचा त्यांना खरोखर आनंद झाला होता.

ते मला सोसवलं नाही. मी तडक मुलीकडे गेलो, तिला खांबाआड घेतलं आणि सांगून टाकलं. “ती चौकट बाईंनी पानाच्या वरच लिहिली होती. मी ती खाली नेली. बाई इंडियात होत्या तेव्हा.”

तिने विचारलं, “पण मग त्या स्वतःची चूक का म्हणाल्या?”

“पान त्यांचं म्हणून.”

“म्हणजे त्यांना माहीत होतं?”

“तुझ्या लॅबमध्ये बसल्या होत्या, तेव्हापासून.”

तिने हातातली बशी खांबाशेजारच्या टेबलावर ठेवली. “दीड वर्ष मी त्यांच्याशी धड बोलले नाहीये, दादा.” मग पुस्तकांच्या ढिगाकडे बघून म्हणाली, “आणि ह्यात त्यांचं नावच नाही.” ती माझ्यासमोरून गेली ती थेट बाईंकडे. लांबून मला बोलणं ऐकू येत नव्हतं. पैठणीतली ती पोर त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, आई काय झालं म्हणून धावत गेली, प्राध्यापक हातात पेले घेऊन अवघडून उभे होते आणि फोटोसाठी सगळ्यांना जमवणारा माणूस कॅमेरा खाली करून वाट बघत होता. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. मी त्या दोघींकडे बघत होतो आणि मला पुन्हा हेवाच वाटला, पूर्वीइतकाच.

बऱ्याच वेळाने बाई पिवळा रेनकोट घेऊन माझ्याकडे आल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

“आज सांगितलंस?”

“कधीतरी सांगायलाच हवं होतं, बाई.”

“हवं होतं. पुस्तक छापायच्या आधी सांगितलं असतंस, तर तिला त्याचं काही करता आलं असतं. नाहीतर पुढच्या आठवड्यात सांगायचंस, आजचा दिवस तरी तिचा राहिला असता. आता तिने नुसतं रडायचं.” त्यांनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. “परत शेवटीच लिहिलंस.”

आणि त्या सायकल काढायला गेल्या. मी खांबाशी उभा होतो, हातात तो संत्र्याचा रस. इतकं नेमकं वाक्य आपल्याला सुचलं नाही, याचा मला आधी राग आला. लाज वाटली, पण ती त्यानंतर.